एकाच घरात पाच माणसं आणि गाण्यापर्यंत जायच्या पाच वाटा

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात मिरजेला माहेरी आठ दिवस राहून आले. घर एक, वायफाय एक, त्याचं बिल भरणारे बाबाही एकच. तरी घरातली पाच माणसं पाच निरनिराळ्या वाटांनी गाणं मिळवतात, हे यावेळी पहिल्यांदा नीट पाहिलं. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून इथे मांडते.

आजी ८४ वर्षांची. तिचा रेडिओ. सकाळी सांगली केंद्र, रात्री विविध भारती. १९५५ साली आकाशवाणी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती १४ वर्षांची होती. आठवड्याला एक नवं गाणं, अशी ५६ गाणी. वाड्यात एकाच घरी रेडिओ होता आणि सगळी बिऱ्हाडं तिथे जमायची, हे ती अजून काल घडल्यासारखं सांगते.

बाबा कॅसेटवाले. फुलस्केप कागदावर यादी करून बाजारातल्या दुकानात द्यायचे आणि आठवड्याने सी-९० भरून आणायचे. एका बाजूला ४५ मिनिटं. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून गाण्यांच्या वेळा मांडून बेरीज करत बसायचे. २०१७ साली सारेगामाचा कारवां बाजारात आला, ५००० गाणी भरलेला, तो दादाने त्यांना आणून दिला. आणि इतका चोखंदळ माणूस आता एक कळ दाबतो आणि लागेल ते ऐकतो!

दादाचा उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर आहे. त्यात पेनड्राइव्ह. दोनशेच्या आसपास गाणी, चार हंगाम झाले तरी तीच.

पुतणी सतरा वर्षांची. रील बघताना पंधरा सेकंद कानावर पडतात, आवडलं तर यूट्यूबवर पूर्ण गाणं शोधते, जाहिरातींसकट ऐकते. पैसे भरायचा विचारही तिच्या मनात येत नाही.

मी महिन्याचे पैसे भरून ॲप वापरते. माझ्या ३१ याद्या आहेत. पावसाच्या वेगळ्या, स्वयंपाकाच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. रात्री कोणती लावायची हे ठरवण्यात कधीकधी दहा मिनिटं जातात आणि मग झोपच येते.

हे कशावरून ठरतं? मला वाटतं स्वभावावरून. पण स्वभावातलं नेमकं काय? तुमच्या घरातली माणसं डोळ्यांसमोर आणून सांगा.

पूर्वा_पौड

छान धागा. पण हा पिढीचा फरक आहे, एवढंच. ज्या वयात जे यंत्र हाताशी होतं तेच पुढे सवयीचं होतं. आमच्याकडेही सासूबाईंचा रेडिओच.

कृष्णाकाठ

पूर्वा, मीही आधी तेच धरून चालले होते. पण आजी बेंगळुरूच्या नातवाला स्वतः व्हिडिओ कॉल लावते, भजनी मंडळाच्या गटावर बोलून निरोप पाठवते. मोबाइल जमत नाही म्हणून ती रेडिओवर अडून बसलेली नाही. शिवाय पिढीचाच फरक असता तर बाबा आयुष्यभर यादी करत राहिले असते.

तालुक्याचा_माणूस

ताई, माझं विट्याच्या बाजूला मोबाइलचं दुकान आहे, २००९ पासून. पहिली सहा-सात वर्षं निम्मा धंदा मेमरी कार्ड भरून देण्याचा होता. २ जीबीच्या कार्डात चारेकशे गाणी बसायची. ते कायद्याला धरून नव्हतं. ते नीट कळल्यावर मी थांबवलं, हे आधी सांगतो, कारण ज्यांची गाणी आम्ही वाटली त्यांना त्यातला रुपयाही गेला नाही आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

पण त्या काउंटरवर माणसं वाचायला मिळाली. एक गिऱ्हाईक म्हणायचं, "टाका तुम्हाला काय टाकायचं ते." अशी सगळ्यात जास्त. यांना गाण्याची आवड नसते असं समजू नका. पुढच्या खेपेला हाच माणूस सांगायचा की मागच्या वेळचं ते भजन तेवढं पुसू नका. त्याला निवडायचं नसायचं, पण आवडलेलं सोडायचंही नसायचं.

दुसरं गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन यायचं. एक गुरुजी होते, गाणं, गायक, सिनेमा असे तीन रकाने आखून आणायचे. एकेक गाणं वाजवून बघितल्याशिवाय कार्ड खिशात घालायचे नाहीत. बारा-तेरा लोक मागं उभे असले तरी.

तिसरी पोरं. मित्राकडं बोट दाखवून सांगायची, "याच्या कार्डात हाय तेच सगळं." गावात ज्याच्या गाडीवर जे वाजतंय ते आपल्याकडं पाहिजे.

सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि वर्षाच्या आत कार्ड भरायचा धंदा संपला. ही तीन माणसं मात्र तिथंच आहेत. पहिला आता यूट्यूबनं पुढं जे लावलं ते ऐकतो. गुरुजी तुमच्यासारख्या याद्या करतात, मीच त्यांना ॲप घालून दिलं. तिसऱ्याला गटावर लिंक आली की बस.

आणि बघा, तुमचे बाबा कॅसेट "भरून" घ्यायचे, माझ्याकडं लोक कार्ड "भरून" घ्यायचे. यंत्र बदललं, शब्द तोच राहिला. भरून घेतलं की ते आपल्या खिशात असतं, कुणी मधनं काढून नेत नाही.

निळी_वही

तालुक्याचा_माणूस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी ग्राहकांच्या वर्तनावर पीएच.डी. करते आहे आणि तुम्ही काउंटरवर जे पाहिलंत त्याला आमच्या विषयात नाव आहे.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच मांडलं होतं की माणूस बहुतेक वेळा सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. पुढे २००२ मध्ये बॅरी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी हा माणसामाणसांतला फरक मोजायची प्रश्नावली केली. एका टोकाला "याहून चांगलं काही असेल का" म्हणून शोधत राहणारे, दुसऱ्या टोकाला "हे चालेल" म्हणणारे. त्यांना असं दिसलं की शोधत राहणारे आपल्या निवडीवर तुलनेने कमी खूश असतात आणि त्यांना चुकचुक जास्त लागते. कृष्णाकाठ, तुमच्या ३१ याद्या वाचून हेच आठवलं.

दुसरा प्रसिद्ध प्रयोग शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा, २००० सालचा. दुकानात एकदा २४ तऱ्हांचे जॅम मांडले, एकदा ६. चव घेणाऱ्यांपैकी २४ असताना साधारण ३ टक्क्यांनी विकत घेतला, ६ असताना ३० टक्क्यांनी. पण इथे सावध राहायला हवं. पुढे अनेकांनी असे प्रयोग केले तेव्हा परिणाम कधी दिसला, कधी अजिबात नाही. म्हणजे जास्त पर्याय प्रत्येकालाच जड जातात असं नाही. ज्याला आपल्याला काय हवं हे आधीच पक्कं ठाऊक आहे, त्याला लाखो गाण्यांचं काही ओझं होत नाही.

स्वभाव आणि संगीत म्हटलं की रेंटफ्रो आणि गॉस्लिंग यांच्या २००३ च्या अभ्यासाचं नाव निघतं. नव्या अनुभवांना मोकळं असणाऱ्या माणसांचा ओढा गुंतागुंतीच्या, चिंतनशील संगीताकडे जास्त असतो असं त्यांना आढळलं. पण तो प्रश्न "काय ऐकता" हा आहे. या धाग्याचा प्रश्न "कसं मिळवता" हा आहे आणि तो मला जास्त खोल वाटतो, कारण एकच गाणं आजी रेडिओवर, बाबा कारवांवर आणि तुम्ही ॲपवर ऐकत असाल.

एक तक्रार माझ्या विषयाबद्दलच आहे. नवी गोष्ट कोण आधी घेतं, कोण नंतर, याची एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये विभागणी केली. तिच्यात शेवटच्या १६ टक्क्यांना दिलेल्या नावाचा अर्थच "रेंगाळणारे" असा होतो. तुमची आजी कुठेही रेंगाळलेली नाही. तिला दुसरंच काही हवं आहे. ते काय, हे तिला विचारलंत का?

शॉर्टवेव्ह

१९५२ नंतर बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला हा लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी लावणारा कार्यक्रम सुरू झाला होता, बुधवारी रात्री, अमीन सायानींच्या आवाजात. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे विविध भारती आली.

माझे थोरले काका दर बुधवारी वहीत पायदानं लिहायचे. कोणतं गाणं वर चढलं, कोणतं घसरलं. धाकटे काका शेजारीच बसून तोच कार्यक्रम ऐकायचे, त्यांनी एक अक्षर कधी लिहिलं नाही. एकच रेडिओ, एकच गाणं, एकाच आईची दोन मुलं. थोरल्या काकांना आज ॲप मिळालं असतं तर त्यांच्याही ३१ याद्या झाल्या असत्या.

आणि फर्माइशी पाठवणारे विसरू नका. झुमरी तिलैया हे गाव त्या पत्रांमुळेच देशभर माहीत झालं. त्या माणसांना गाणं हवं होतं, पण त्याआधी आपलं नाव निवेदकाच्या तोंडून आलेलं ऐकायचं होतं.

अठ्ठ्याहत्तर_फेरे

मी ग्रामोफोनच्या तबकड्या जमवतो. रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईला गेलो की चोरबाजारात. सगळे विचारतात की हे यूट्यूबवर फुकट आहे, मग पैसे कशाला घालता? माझं उत्तर असं की यूट्यूबवर मीही ऐकतो, रोज ऐकतो. जे ऐकून झोप उडते तेवढंच शोधायला बाहेर पडतो.

मिरजेचा विषय निघाला म्हणून सांगतो. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची एक तबकडी मिळायला मला सहा वर्षं लागली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. जो ख्याल मैफलीत तासभर चालतो तो या माणसाने तीन मिनिटांत असा बसवला की अपुरं वाटत नाही. ती लाखेची तबकडी हातात धरताना छाती धडधडते, कारण पडली तर फुटते. लावायची तर उठावं लागतं, पुसावी लागते, पिन बदलावी लागते. मग तीन मिनिटं मी दुसरं काही करत नाही. फोनवर तेच गाणं लावतो तेव्हा हात दुसरीकडे जातो. मला माझ्या या सवयीवर अंकुश हवा होता, तो तबकडीने दिला.

असं वाटणारा मी एकटा नाही. आपल्याकडे सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून काम करते आहे. अमेरिकेत २०२० मध्ये तबकड्यांच्या विक्रीचं उत्पन्न सीडीच्या पुढे गेलं, १९८० च्या दशकानंतर पहिल्यांदा. ते लोक स्ट्रीमिंग सोडून आलेले नाहीत. दोन्ही करतात, माझ्यासारखंच.

हिशेबी

स्वभाव वगैरे ठीक आहे, पण पैशाला इतकं बाजूला सारू नका. १९८० च्या दशकात टी-सीरिजने स्वस्त कॅसेट आणल्या तेव्हा ज्यांच्या घरी कधी रेकॉर्ड प्लेयर येणं शक्य नव्हतं त्यांच्या घरी गाणं आलं. तो काही त्यांचा स्वभाव बदलला नव्हता. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं ते महिन्याला ११९ रुपयांनी. मग त्यांनी दिवसाला ७ रुपयांचाही प्लॅन काढला, शांपूच्या पुडीसारखा. रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याचा हिशेब परवडत नाही, रोजचा परवडतो. ताईंची पुतणी पैसे भरत नाही, कारण तिच्याकडे स्वतःचे पैसे नाहीत. सरळ आहे.

तालुक्याचा_माणूस

हिशेबी साहेब, बरोबर आहे तुमचं. पण माझ्याकडं बागायतदार यायचे, पन्नास हजाराचा फोन घेऊन, आणि ११९ म्हटलं की मागं सरायचे. आणि पंक्चर काढणारा एक पोरगा पहिल्या पगारापासून ॲपचे पैसे भरतो, कारण त्याला गाण्याच्या मध्ये जाहिरात सहनच होत नाही. म्हणतो, "भाऊ, आलापात साबण विकतेत."

स्पर्शवाचक

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, वय ४१, राहणार नाशिक. इथे एक बाजू राहिली आहे म्हणून लिहितो.

मला सगळ्यात जवळचं साधन कॅसेट होतं. प्रत्येकीवर ब्रेलची पट्टी चिकटवलेली, कोणती बाजू वर हे बोटाला कळायचं. बटणांची जागा ठरलेली. गाणं कुठे आहे हे टेप किती वेळ मागे फिरली यावरून अंदाजाने सापडायचं आणि तो अंदाज बरोबर आला की फार आनंद व्हायचा. सीडीने तो गेला, सगळ्या हाताला सारख्याच. मग ॲप आली. माझा फोन स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवतो. पण एका ॲपमध्ये निम्म्या बटणांना नावच दिलेलं नव्हतं, त्यामुळे फोन फक्त "बटण, बटण, बटण" म्हणत राहायचा. जाहिरात आली की बोट जिथे होतं तिथून पडदाच सरकायचा. दोन महिने पैसे भरून मी ते सोडलं.

लोक म्हणाले, याला नवं नको असतं. मला नवं हवं होतं, मी तर आधी पैसे भरले. आज मी रेडिओ आणि बोलून चालणारा स्पीकर वापरतो. त्यामुळे कोणी गाण्याची कोणती वाट धरली यावरून त्याचा स्वभाव ओळखण्याआधी ती वाट त्याला खरोखर उघडी होती का, हे बघा, अशी विनंती.

निळी_वही

स्पर्शवाचक, मनापासून आभार. माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्नच नाही. घालते आहे.

एडिसनची_मेघना

आमच्याकडे न्यू जर्सीत बोलका स्पीकर मराठी नावं ओळखत नाही. मुलगा अमेरिकन उच्चारात "अरुण डाटे" म्हणतो तेव्हा तो लावतो, माझ्या आईने नीट "दाते" म्हटलं की भलतंच काही लागतं. आई इथे असते तेव्हा मुलगा तिचा दुभाषा होतो. आणि त्यातून झालं असं की त्याला तिची गाणी पाठ झाली. आठवणीतली गाणी या संकेतस्थळावरून तिने त्याला शब्द वाचून दाखवले, अर्थ सांगितले. स्पीकरला मराठी कळलं असतं तर हे दोघं एकत्र बसलेच नसते.

मी स्वतः ॲपवर अवलंबून होते. एके दिवशी माझ्या यादीतली अकरा मराठी गाणी करड्या रंगाची झाली, "तुमच्या देशात उपलब्ध नाही". बाबा गेले त्या वर्षी केलेली यादी होती ती. त्या दिवसापासून जे जीवाचं आहे ते मी विकत घेऊन हार्ड डिस्कवर ठेवते. माझा स्वभाव साठवून ठेवण्याचा नव्हता. तो त्या दिवशी झाला.

फोंड्याचो

आमच्या गोव्यात चवथीच्या आधी घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर फिरतं. वाड्यावरच्याच मंडळाचं, फोनवर केलेलं, मागे कुत्रं भुंकतंय, कोणीतरी चहा विचारतंय. कुठल्याही ॲपवर मिळणार नाही. मुंबईत आणि आखातात असलेले आमचे लोक तेच ऐकतात, कारण त्यात काकाचा आवाज ओळखू येतो.

गाणं_शिकवते

थोडं वेगळं, पण याच्याशी जोडलेलं. माझे विद्यार्थी यमन शिकायला येतात ते आठवड्यात दहा जणांचा यमन ऐकून. विचारलं की सांगतात, अमुक यांचा असा, तमुक यांचा तसा. गायला बसले की दहाही जणांतलं थोडं थोडं येतं आणि स्वतःचं काही ठरत नाही. मी आता नव्या विद्यार्थ्याला तीन महिने एकच ध्वनिमुद्रण ऐकायला देते. काही मुलं दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात, काही त्यात बुडतात. कोण टिकेल हे मला तेवढ्यावरून बरंचसं कळतं.

कृष्णाकाठ

या रविवारी पुन्हा मिरजेला गेले होते, मुद्दाम विचारायला.

पुतणी म्हणाली, "आत्या, गाणं महिनाभर आवडतं, मग दुसरं येतं. जे राहणारच नाही त्याला पैसे का द्यायचे?" हिशेबी, तुमचं म्हणणं थोडं खरं निघालं, थोडं नाही.

दादाला म्हटलं, पेनड्राइव्हमध्ये नवी गाणी घालून देते. त्याने घाईघाईने नको म्हणून सांगितलं. रात्री शेतातून निघाल्यावर अमुक गाणं लागलं की पूल आला, तमुक लागलं की कारखान्याचा काटा जवळ आला, असा त्याचा हिशेब बसलेला आहे. क्रम मोडला तर रस्ता लांब वाटतो म्हणाला. चार हंगामांत हे मला त्याने कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

बाबांचं उत्तर मला सगळ्यात जास्त लागलं. "४५ मिनिटं होती म्हणून निवडत होतो गं. हे घेतलं तर ते सोडावं लागायचं. आता काहीच सोडावं लागत नाही, मग निवडू कशाला?" म्हणजे ज्याला मी त्यांचा स्वभाव समजत होते तो निम्मा त्या कॅसेटचा होता.

आणि आजी. तिला विचारलं, तुला हवं ते गाणं हवं तेव्हा फोनवर लावून देऊ का? म्हणाली, "आपण लावलेलं आपल्याला आधीच ठाऊक असतं. रेडिओवर लागतं ते भेटायला येतं." मग तिने मला गप्प बसवलं, कारण विविध भारतीवर छायागीत सुरू झालं होतं.

जाता जाता मदत हवी आहे. बाबांच्या कपाटात २२ कॅसेट निघाल्या, प्रत्येकीत त्यांच्या अक्षरातली यादी आहे. बेरजाही आहेत. त्या टिकवायच्या आहेत.

अठ्ठ्याहत्तर_फेरे

घाईने वाजवू नका. आधी पेन्सिल घालून हाताने थोड्या फिरवून बघा, टेप आतल्या आत चिकटली असेल तर ओढून तुटते. आतला फोमचा चिमुकला तुकडा जागेवर आहे का पाहा. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा. मग इअरफोनच्या खाचेतून वायर काढून लॅपटॉपला जोडा आणि एक बाजू सलग मुद्रित करा, गाणी नंतर वेगळी करता येतात. याद्यांचे फोटोही काढून ठेवा.

कृष्णाकाठ

टेपरेकॉर्डर आहे, पण आवाज जड येतोय, गाणं हळू चालतंय.

तालुक्याचा_माणूस

पट्टा सैल झालाय ताई. रेडिओ-टेप दुरुस्त करणारा जुना माणूस सांगली-मिरजेत अजून सापडतो, बाबांनाच विचारा, त्यांना ठाऊक असणार. जुना पट्टा काढून सोबत न्या, त्याच्या मापाचा जुळवून देतात. नाही मिळाला तर मला कळवा, माझ्या दुकानात खोक्यात दोन-चार पडून आहेत, पाठवतो.